बर्फ ढकलायचा कुठं?

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात ग्वेल्फ नावाचं शहर आहे. त्याच्या बाहेर, आपण मळ्यात राहतो तसं, माझ्या मुलीचं घर आहे. डांबरी रस्त्यापासून दारापर्यंत खडीची वाट. मी पावलांनी मोजली, एकशेदहा भरली. २०२२ च्या ऑक्टोबरात आम्ही दोघं तिकडं गेलो ते मुलीच्या बाळंतपणासाठी. म्हणजे बायकोला काम होतं. मला नव्हतं. उभा जन्म उसात गेलेल्या माणसाला सहा महिने खिडकीत बसवणं म्हणजे बैलाला गादीवर झोपवल्यासारखं.

दोन शेतं पलीकडं एक म्हातारे शेतकरी राहतात. ऐंशीला टेकलेले. दुसऱ्या महायुद्धानंतर हॉलंडमधून पुष्कळ शेतकरी कुटुंबं ओंटारिओत येऊन वसली, त्यांतलंच यांचं एक. आमच्या घरात त्यांचं नाव पडलं ‘डचबाबा’. त्यांचं खरं नाव मला उच्चारता येत नाही आणि माझं त्यांना, त्यामुळं हिशेब सारखा. शेती आता त्यांचा मुलगा बघतो. बाबांकडं पंचेचाळीस हॉर्सपॉवरचा जुना ट्रॅक्टर आहे, त्याला पुढं लोडर. हिवाळ्यात त्या लोडरवर बर्फाचा नांगर चढवून ते आसपासच्या सात-आठ घरांच्या वाटा मोकळ्या करून देतात. फुकट नाही. तासाचा दर ठरलेला, वेळ वहीत लिहिलेली, आणि एप्रिलात बिल. मला हे आवडलं. शेजारधर्म आणि वही यांचं वाकडं असायचं काही कारण नाही.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला एका सकाळी त्यांच्या शेडमधून हातोड्याचा आवाज आला. मी जाकीट चढवून निघालो. माझं इंग्रजी दहावीचं, तेही १९७६ सालचं. पण ट्रॅक्टरखाली डोकं घातलेल्या माणसाशी बोलायला भाषा फार लागत नाही. त्यांनी एकदा बघितलं, माझ्या तळहाताकडं बघितलं, आणि पाना हातात दिला.

नांगर म्हणतात त्याला, पण जमीन फोडायची नसते, वरचं सारायचं असतं. रान सपाट करायची आपली केणी आठवा, तिचा हा थोरला भाऊ. सात फूट रुंद, वाकवलेलं जाड पत्र्याचं पातं. खाली घासणारी पट्टी वेगळी, बोल्टांनी बसवलेली. झिजली की बदलायची. उन्हाळाभर ते लाकडी ओंडक्यांवर ठेवलेलं होतं. लोडरची बकेट खाली उतरवून त्यांनी ट्रॅक्टर सावकाश पुढं घेतला, लोडरची वरची कड पात्याच्या मागच्या फ्रेमखाली घातली, उचलली, मागं झुकवली. पातं आपोआप बसलं. मग दोन दांडे दाबून खालच्या पिना भोकात सारल्या. मला वाटलं, झालं. बाबा खाली उतरले, गुडघ्यावर बसले आणि दोन्ही पिना खालून आरपार आल्यात का ते बोट लावून बघितलं. वरून दांडा बसलेला दिसतो, पण पिन आत गेलेली नसते, असं होतं म्हणे. मग रस्त्यात पातं निसटून पुढच्या चाकाखाली येतं.

होजपाईप जोडताना कपलर फडक्यानं पुसून घेतले, तेलाचा दाब सोडून दिला, तरी उलटसुलट लागलेच. लिव्हर डावीकडं नेला की पातं उजवीकडं वळायचं. बाबा हसले, मी हसलो. पुन्हा काढून बदलले. जगभरात पहिल्यांदा ते उलटेच लागतात, याचा मला फार धीर आला.

खरं काम पुढं होतं. पातं चढवायला अर्धा तास, आणि ते जुळवायला दुपार झाली. पहिलं म्हणजे पातं जमिनीला सरळ उभं पाहिजे. लोडर जरा पुढं किंवा मागं झुकलेला असला, की पातं तिरकं वळवल्यावर त्याचं एक टोक रुततं आणि दुसरं उचलतं. दुसरं, पात्याच्या मागं दोन लोखंडी पाय असतात, भाकरीच्या थापटीएवढे. त्यांच्या दांड्यावर वायसर असतात. वायसर वरचे खाली घातले की पातं उचलतं, खालचे वर घातले की टेकतं. डांबरी वाटेवर पातं जवळजवळ टेकवायचं. खडीच्या वाटेवर मात्र खाली अर्धा-पाऊण इंच जागा ठेवायची, नाहीतर बर्फाबरोबर खडीही हिरवळीत जाऊन पडते आणि उन्हाळ्यात ती वेचत बसावं लागतं. जमीन गोठायच्या आधी तर आणखी उचलून ठेवायचं. बाबांनी पाऊण इंची फळी पात्याखाली घातली आणि त्यावरून पाय जुळवले. माझ्या मनात आलं, म्हणजे थोडा बर्फ मुद्दाम मागं सोडायचा. सगळा खरवडून काढायला गेलं की वाटच उचलून जाते.

तिसरं काम मला सगळ्यात आवडलं. पात्याच्या मागं जाड स्प्रिंगा असतात. गोठलेल्या मातीतून वर आलेला दगड पात्याला लागला, तर पातं खालून मागं मुडपतं, दगडावरून जातं आणि पुन्हा ताठ उभं राहतं. आपल्या स्प्रिंगच्या कल्टिव्हेटरचे फण देतात तसंच. स्प्रिंग फार ढिली, तर ओल्या जड बर्फालाच पातं मान टाकतं. फार आवळली, तर धक्का सरळ लोडरच्या हातांना बसतो, आणि लोडर हा उचलायसाठी केलेला, धडका खायसाठी नाही. वाकला की वाकलाच. म्हणून नटाला एकेक आटा देत, वेटोळी नुकती एकमेकांपासून सुटी होईपर्यंत ओढायची, आणि थांबायचं. बाबा आटा देत आणि कान लावून ऐकत. आमचे वडील तंबोऱ्याची तार अशी जुळवायचे. भजनात होते ते.

बाकीचं भराभर झालं. मागच्या चाकांना साखळ्या, मागं तीन-पॉइंटला सिमेंटचा ठोकळा वजनाला. टायरात आपण पाणी भरतो; तिकडं साधं पाणी गोठून दगड होईल, म्हणून कॅल्शियम क्लोराईड घातलेलं खारं पाणी भरतात. आणि एक काम आमच्या वाटेवर. दोन्ही कडांना नारिंगी काठ्या रोवल्या. बर्फ पडला की वाट कुठली, हिरवळ कुठली, काही कळत नाही. जमीन एकदा गोठली की काठी रोवता येत नाही, म्हणून हे आधीच करायचं.

पहिला मोठा बर्फ पडला तेव्हा मी पहाटेच खिडकीत. बाबा साडेपाचला आले. लिव्हर पुढं दाबून खटक्यात बसवला, म्हणजे पातं आपल्याच वजनानं जमिनीवर टेकून चालतं. चढाला चढतं, खड्ड्यात उतरतं. एका फेरीत निम्मी वाट मोकळी. पण रस्त्याच्या तोंडाशी आल्यावर ते थांबत, पातं उचलत, मागं येत आणि वळवून बर्फ बाजूच्या हिरवळीवर चढवत. चार-चार वेळा मागंपुढं. रस्त्याच्या पलीकडं समोर मक्याचं रिकामं रान पडलेलं, खुंटांचं. सरळ एकदा रस्ता ओलांडून ढकललं असतं, तर पाच मिनिटांत काम संपलं असतं. मी बाहेर जाऊन हातानं दाखवलं, तिकडं न्या की सरळ. बाबांनी मान हलवली. नाही.

संध्याकाळी जावयानं सांगितलं, इथल्या हायवे ट्रॅफिक ॲक्टमध्येच आहे, १८१ कलम. परवानगीशिवाय रस्त्यावर बर्फ किंवा बर्फाची लादी टाकायची नाही. ढकलताना रस्त्यावर एक ओळ सांडतेच. ती रात्री गोठते आणि पहाटे कुणाची तरी गाडी तिच्यावरून घसरते. आता यात गंमत अशी, की नगरपालिकेचा मोठा नांगर रस्त्यावरून जातो तेव्हा तो सगळा बर्फ आमच्या वाटेच्या तोंडात रचून जातो, कमरेइतका, दगडासारखा. त्याला कलम नाही. सरकार सगळीकडं सारखंच. पण बाबांनी त्यावर कधी तोंड वाकडं केलं नाही. तो ढीग ते सगळ्यात शेवटी काढत.

मी त्या दिवसापासून एकच गोष्ट बघत राहिलो. बर्फ काही नाहीसा होत नाही. नांगर त्याला फक्त जागा बदलायला लावतो. वाट मोकळी झाली म्हणजे दुसरीकडं कुठंतरी भरली. आपण आयुष्यात ज्याला काम झालं म्हणतो, त्यातलं निम्मं असंच असतं का? घर झाडलं की केर उकिरड्यावर. उकिरडा कुणाच्या तरी वाऱ्याला. मग प्रश्न ढकलावं की नाही हा नाहीच, ढकलावं तर लागणारच. प्रश्न कुठं हा आहे. आणि तो प्रश्न यंत्रानं मोठा केला. फावड्यानं माणूस ढकलून ढकलून किती ढकलणार? पाठ दुखायला लागते आणि थोडी अक्कल येते. पंचेचाळीस हॉर्सपॉवरला पाठ नसते.

हे सगळं मला एकदम सुचलं असं लिहिलं, तर ते खोटं होईल. ते आधीपासून आत होतं. कुठून, ते आता सांगतो.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठाला. माझी पावणेदोन एकराची पट्टी, खाली लागून चुलतभावाची. तो माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, आम्ही त्याला दादा म्हणतो. वरच्या रानांचं पावसाळी पाणी आमच्या दोघांच्या सामाईक कोपऱ्यात यायचं आणि तिथून माझ्या रानाच्या कडेकडेनं एका जुन्या चरीतून ओढ्याला मिळायचं. आजोबांच्या काळची चर. माझ्या रानातून जायची, तिची साफसफाई माझी.

२००५ च्या जुलैचा शेवटचा आठवडा. तो पाऊस ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. ओढा तुडुंब, चरीतलं पाणी पुढं जाईना, तुंबून माझ्या उसात शिरलं. मी नुकताच सोसायटीच्या कर्जावर ट्रॅक्टर घेतलेला, मागं सपाटीचं ब्लेड. पहाटे चारला, पावसात, बॅटरी कपाळाला बांधून मी चरीच्या तोंडावर माती ओढली. आठ-दहा फेऱ्या. चर बंद झाली. पाण्याला जायला एकच वाट उरली, दादाच्या बांधावरून खाली.

दादाची एक एकर हळद होती. अक्षय तृतीयेला लावलेली, गुडघ्याला आलेली. हळदीत पाणी आठ दिवस उभं राहिलं, तर वर पान पिवळं पडतं तेव्हा खाली गड्डा कुजून गेलेला असतो. तसंच झालं. पाऊस उघडल्यावर दादा बांधावर आला. चरीच्या तोंडाकडं बघून म्हणाला, “चर बुजली व्हय रं, आपोआप?”

मी म्हटलं, “गाळानं बुजली आसंल, दादा.”

“आसंल,” म्हणाला आणि गेला. वाहतं पाणी अडवलं, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडं दाद मागता येते, सहा महिन्यांच्या आत. आमच्या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दादानं मागितली नाही. पुढं लग्नकार्यात आम्ही एका पंगतीला बसलो, त्याच्या पोरीच्या लग्नात मी वाढपी होतो. तो विषय निघाला नाही.

मी माझ्या मनाशी किती वकिली केली म्हणून सांगू. पाणी उताराला जाणारच, तो देवाचा नियम. माझा ऊस गेला असता, तर सोसायटीचा हप्ता कोण भरणार होतं? त्या रात्री वरच्या सगळ्यांनीच खाली पाणी सोडलं, मी एकट्यानं थोडंच? आणि सगळ्यात पक्का मुद्दा म्हणजे, आता झालं ते झालं. यातला पहिला मुद्दा मी कॅनडात बसून तपासला. आभाळातून पडलेला बर्फ ज्याच्या दारात पडला त्याचा; त्यात कुणाचा गुन्हा नाही. नांगर लावून तुझ्या दारातला माझ्या दारात आणलास, की तो तुझा. पाणी उतारानं गेलं असतं, तर देवाचं. ब्लेडनं वळवलं, ते माझं. एवढं साधं कळायला मला अटलांटिक ओलांडावा लागला, ही माझी दहावी.

त्या वर्षी नाताळच्या तोंडावर मोठं वादळ आलं. शेजारच्या अमेरिकेत बफेलो शहरात माणसं गाडीत अडकून गेली, आमच्याकडंही रस्ते बंद झाले. नातू बारा दिवसांचा. वादळ ओसरल्यावर बाबा आले, आणि दोन तासांनी दमले. मला म्हणाले, बस. जावई खिडकीतून नको-नको करत होता. मी बसलो. पहिल्या गिअरात, पातं सरळ. अर्ध्या वाटेवर खाली काहीतरी टणक लागलं. मी क्लच दाबायच्या आत पातं मुडपलं, कमरेत वाकल्यासारखं, त्यावरून गेलं आणि खाडकन ताठ उभं राहिलं. ट्रॅक्टरला नुसता हिसका. मागं वळून बघितलं, तर वाटेच्या कडेचा दगड, हललाही नव्हता. ते लोखंड वाकलं आणि त्याचं काही गेलं नाही. मी २००५ ला बांधावर उभा राहून, “दादा, मी बुजवली, चूक झाली,” एवढं वाकलो असतो, तर माझं काय गेलं असतं? एक एकर हळदीचे पैसे, दोन हप्त्यांत. आणि मी ताठ राहिलो त्याचा धक्का कुठं बसला, ते लोडरलाच ठाऊक.

फेरी झाल्यावर आम्ही शेडपाशी उभे होतो. मला काय झालं कुणास ठाऊक, मी नारिंगी काठी घेतली आणि बर्फात दोन चौकोन काढले. वरचा माझा, खालचा दादाचा. चर काढली. पायानं बर्फ लोटून चर बुजवली. बाणानं पाणी दाखवलं. पिकाला हळद इंग्रजीत काय म्हणतात ते आठवेना, म्हणून नुसतं ‘फिनिश’ म्हटलं. बाबा वाकून बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता खांद्यावर हात ठेवतील. सिनेमात ठेवतात. त्यांनी बुजवलेल्या जागेवर बुटाचं टोक ठेवलं आणि एकच विचारलं. त्यांचे शब्द साधे होते, मला कळले. अजून बंदच आहे?

बंदच होती. सतरा वर्षं मी ते झालेलं पाप म्हणून सांभाळत होतो, घडून गेलेलं, देव्हाऱ्यात ठेवल्यासारखं. पण ते घडून गेलेलंच नव्हतं, दर जूनमध्ये ते नव्यानं होत होतं. चर बुजली त्या जागेवर मी पुढच्या हंगामात आणखी दोन सऱ्या सोडल्या होत्या. त्या दोन सऱ्यांचा ऊस सतरा वर्षं माझ्याच खात्यावर गेला. दादानं हळद सोडून दिली, त्यानंही ऊस केला, आणि त्याच्या खालच्या बाजूचा दहा-बारा गुंठ्यांचा तुकडा पाणी धरून धरून पांढरा पडला. तिथं आता गवतही नीट येत नाही. एखाद्या गोष्टीचं वाईट वाटणं हे ती थांबवण्याच्या जागी ठेवता येतं, आणि वर्षानुवर्षं चालतं, हे मला माझ्यावरूनच कळलं. वाईट वाटायला तर खर्चही येत नाही.

एप्रिलात आम्ही परत आलो. बाबांचं बिल आधीच आलं होतं. मी चालवलेल्या फेरीची वेळ त्यांनी वहीतून वजा केली होती.

मे महिन्यात ऊस तुटून रान मोकळं होतं. मी तासावर जेसीबी सांगितला आणि सकाळी त्या दोन सऱ्यांवरून चर धरायला लावली. कुणाला बोललो नव्हतो, बायको सोडून. बादलीभर माती निघाली नसेल, तोवर दादा काठी टेकत बांधावर आला. आता त्र्याहत्तरचा आहे, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. कपाळावर हात धरून बघत राहिला.

“काय काढतुयास?”

“चर.” मी जेसीबीच्या आवाजात ओरडूनच बोलत होतो, त्यामुळं बोलता आलं. “दोन हजार पाचला मी बुजवली हुती दादा. ट्रॅक्टरनं. गाळानं न्हाई.”

दादा काही बोलला नाही. मी ड्रायव्हरला हात केला, त्यानं मशीन हळू केलं. दादा काठीनं बांधावरचं ढेकूळ फोडत होता. मग म्हणाला, “म्हाईत हाय. त्या दिशी तुझ्या बिलेडला माझ्या बांधाची तांबडी माती हुती.”

माझं रान काळं, त्याच्या बांधावर मुरूम टाकलेला. सतरा वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मी काही म्हणणार, तेवढ्यात तो चरीच्या तोंडापासून ओढ्याच्या दिशेनं चालायला लागला. मी मागून. पन्नास पावलांवर थांबून त्यानं काठीनं खाली दाखवलं. जुन्या चरीचं तोंड जिथं ओढ्याला मिळायचं, तिथं ओढ्याच्या अल्याड, पलीकडच्या भावकीतल्या पोरानं दोन वर्षांपूर्वी नवी विहीर पाडली होती. वर कठडा नाही, अजून बांधकाम अर्धवट.

“जुन्या वाटंनं सोडलंस, तर पैल्या पावसात सगळा गाळ त्याच्या हिरीत,” दादा म्हणाला. “कर्ज काढून पाडलीया त्यानं.”

डावीकडून वळवावं, तर मधे सरकारी पाणंद. उजवीकडून वळवावं, तर दादाच्याच पांढऱ्या तुकड्याला वळसा. आम्ही दोघं उभे राहून बघत होतो. पलीकडं जेसीबीचा तास चालू होता. ड्रायव्हरनं केबिनमधून डोकं बाहेर काढलं आणि हाक मारली, “मालक, कुठनं घेऊ?”